खारीचं लंघन

६ जानेवारी, सोमवार

मधुवंती आज मांजर सोडून गेली. सिनेमांसाठी आवाज रेकॉर्ड करायचं तिचं काम, आता सहा आठवडे जैसलमेरला. गोरेगावच्या तिच्या घरी मांजराला बघायला कोणी नाही, म्हणून ते मुलुंडला आमच्याकडे.

मांजराबरोबर एवढी मोठी पेटी आली. त्यात दोन वाट्या, ब्रश, पाण्याचं विजेवर चालणारं कारंजं (साठलेलं पाणी बाईसाहेब पीत नाहीत म्हणे), मधूचा न धुतलेला टी-शर्ट, 'माझा वास राहावा' म्हणून, आणि तीन पानं भरून सूचना. मी थक्क झालो. केयूर आणि मधू ही दोन माणसाची पोरं मी आणि नीलानं अर्ध्या पानाच्याही सूचनेशिवाय वाढवली.

मांजरीचं नाव खारी. रंग बेकरीतल्या खारीसारखा, म्हणून. उशीच्या अभ्र्यात घालून ताणकाट्यावर वजन केलं. चौतीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक होतो, तोलल्याशिवाय वस्तू घरात घेत नाही. सहा किलो दोनशे ग्रॅम! हे सगळं लाडानं चढलेलं वजन आहे.

नीलानं त्या सूचना फ्रिजवर लावल्या होत्या. मी काढून ड्रॉवरमध्ये टाकल्या. मांजर सांभाळायचंय, विमान चालवायचं नाहीये.

९ जानेवारी, गुरुवार

तीन दिवस मांजर सोफ्याखाली. खातं ते दोन घास. आज सकाळी पायपुसण्यावर ओकलं. पिवळा फेस आणि त्यात न पचलेले दाणे.

नीला घाबरली. मी नाही. हे सरळसरळ अजीर्ण आहे. लंघनं परमौषधम्. माझ्या आजोबांपासून आमच्या घरात पहिला डॉक्टर हाच. पोटाला तीन दिवस सुट्टी दिली की अर्धे आजार आपोआप वाटेला लागतात. आजपासून खारीचं खाणं बंद, पाणी हवं तेवढं.

"मांजराला कसलं हो लंघन?" नीला म्हणाली.

"पोट ते पोट," मी म्हणालो. मग तिला नीट समजावून सांगितलं. ती गप्प झाली. नीलाचा हा गुण मला फार आवडतो. एकदा पटवून दिलं की ती वाद घालत नाही.

११ जानेवारी, शनिवार

लंघनाचा तिसरा दिवस. उलटी नाही. वजन पाच किलो नऊशे. औषध लागू पडतंय.

दुपारी मागच्या बाल्कनीत सुक्या मासळीचा भपकारा. शेजारची एडना मूळची मरोळची, तिच्याकडे बोंबलाशिवाय घास उतरत नाही, पण तो वास आमच्या बाल्कनीपर्यंत कधी येत नव्हता. नीलाला म्हटलं, तिला खिडकी लावून घ्यायला सांग. "सांगते," म्हणाली. ती तेव्हा बेसिनशी लिंबाची फोड हातावर चोळत उभी होती. वॉशिंग मशीनच्या मागे एक बशीही सापडली. कबुतरांना काही ठेवत असेल. कबुतरं जवळ करू नकोस म्हणून हजारदा सांगितलंय.

१२ जानेवारी, रविवार

आज लंघन सोडायचा दिवस. मऊ दहीभात कालवून मी स्वतः पुढे ठेवला. खारीनं हुंगून तोंड फिरवलं, ओठ चाटले आणि लाळ गाळत बसली.

याचा अर्थ शरीर अजून सुट्टी मागतंय. शरीर खोटं बोलत नाही. दोन दिवस वाढवले.

नीला म्हणाली, "मधूला एक फोन करू या का?"

"तिच्या कामात कशाला व्यत्यय?" मी म्हणालो. मधूनं रोजच्यासारखं संध्याकाळी 'खारी कशी आहे?' म्हणून विचारलं होतं. 'उत्तम. वजन उतरतंय' असं कळवलं. तिनं टाळ्यांचं चित्र पाठवलं.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. सकाळी खारी खिडकीत उन्हाला बसली होती. तिचे कान उन्हात इतके सोनेरी दिसत होते की मी नीलाला मुद्दाम हाक मारून दाखवले. तिनं बराच वेळ बघितलं आणि आत गेली. वजन पाच किलो पाचशे. मधू आली की ओळखणार नाही हिला.

आज एवढंच. एडना तिळगुळाला येणार आहे.

१५ जानेवारी, बुधवार

काल पुढचं लिहायला हात उचलला नाही. आज लिहितो.

एडना आली ती सरळ खिडकीपाशी गेली. आता वाटतं, नीलानंच तिला बोलावून आणलं असावं. वाटीतला तिळगूळ तसाच ठेवून तिनं पडदा ओढला. ऊन गेलं. कान मात्र तसेच पिवळे राहिले.

"अंकल, ही पिवळी झालीय. बघा इकडे." तिनं खारीचा ओठ वर केला. हिरड्या हळदीत बुडवून काढल्यासारख्या. डोळ्यांचे कोपरे तेच. "तुम्ही रोज वजन करता ना हिचं? मग तोंड नाय बघितलंत?"

मी नव्हतं बघितलं. मी काटा बघत होतो.

एडनाच्या ओळखीच्या डॉक्टर सपना यांच्या दवाखान्यात गेलो. बाकावर शेजारी चंद्रप्रकाश नावाचे गृहस्थ, पायाशी त्यांचा लॅब्राडोर. त्यानं भाजलेल्या कणसाचं दांडकं अख्खं गिळलेलं. मी सवयीनं सांगितलं, दोन दिवस लंघन द्या. ते म्हणाले, "काका, दांडा आतड्यात अडकलाय. उपाशी ठेवून तो काय वितळणार आहे? आज ऑपरेशन आहे त्याचं." मला तो माणूस उद्धट वाटला.

डॉक्टरांनी विचारलं, "खाणं कधीपासून बंद आहे?"

मी अगदी काटेकोर सांगितलं. "गुरुवार सकाळपासून. पहिले तीन दिवस नियमानं, पुढचे तिच्या मर्जीनं."

त्यांचं लिहिणं थांबलं. "नियमानं म्हणजे?"

मी लंघन समजावून सांगितलं. त्यांनी मध्येच तोडलं नाही. सगळं ऐकून घेतलं आणि मग त्या बोलल्या. मांजराचं खाणं थांबलं की त्याचं शरीर अंगातली चरबी काढून यकृताकडे पाठवायला लागतं. माणसाचं यकृत ती वापरू शकतं, मांजराला ते झेपत नाही. चरबी तिथेच साचते, यकृत तुंबतं, कावीळ होते. कावीळ झाली की मळमळ, मळमळ म्हणून खाणं नाही, खाणं नाही म्हणून आणखी चरबी. मांजर जितकं लठ्ठ, तितकं हे जोरात. "कुत्र्याला उलट्या होत असल्या तर एखाद्या वेळचं जेवण आम्हीही चुकवायला सांगतो. मांजराला दोन दिवससुद्धा उपाशी ठेवायचं नसतं, काका."

"पण तिला मूळचा आजार काय आहे?" मी विचारलं.

"मूळचा बहुधा काहीच नव्हता. घर बदललं, माणूस दिसेना, म्हणून रुसली असेल. थोडं चुचकारलं असतं तर खायला लागली असती. आता जो आजार आहे तो उपाशी राहण्याचा."

नीलाकडे बघायची हिंमत झाली नाही. पोटाला सुट्टी दिली म्हणून मी फुशारक्या मारत होतो आणि ते जनावर माझ्या डोळ्यांदेखत आतून तुंबत होतं. कान सोनेरी म्हणून कौतुकानं दाखवत होतो! माझ्या हातून असं व्हावं?

खारीला सलाईन लावून तिथेच ठेवलं आहे.

१६ जानेवारी, गुरुवार

रक्ताचा अहवाल आला. आकडे मला कळतात, हे आकडे वाचवेनात. रक्त गोठायला मदत व्हावी म्हणून इंजेक्शन दिलं आहे. तब्येत जरा सावरली की मानेतून अन्ननळीत नळी घालायची आणि तिच्यातून भरवायचं. औषधापेक्षा अन्न पोटात जाणं हाच खरा इलाज, असं डॉक्टर म्हणाल्या. वेळेवर अन्न गेलं तर बरीच वाचतात. ही वेळेवर आली की नाही ते दोन दिवसांत कळेल.

घरी येऊन ड्रॉवर उघडला. मधूच्या सूचना. दुसऱ्या पानावर लाल रेघेखाली: 'एक दिवसभर खाल्लं नाही तर लगेच डॉक्टर आणि मला फोन. आई, हे तुझ्यासाठी आहे.'

मी दोनदा वाचलं. आई, हे तुझ्यासाठी. माझ्यासाठी का नाही?

१७ जानेवारी, शुक्रवार

मधूला फोन केला. लपवाछपवी न करता सगळं सांगितलं.

मग तिनं विचारलं, "आई कुठे होती?"

"इथेच. घरात."

"मग खारी उपाशी कशी राहिली?"

म्हटलं, "अगं, मीच ठेवली ना. तेच तर सांगतोय."

"हो बाबा, तुम्ही ठेवलीत, ते कळलं. पण आई होती ना घरात?"

नंतर ती रडायलाच लागली. तिच्या प्रश्नाचा अर्थ मला लागला नाही. धक्क्यानं माणूस काहीबाही बोलतं. नीलाला सांगितलं तर ती ताटातलं तसंच टाकून उठली.

१९ जानेवारी, रविवार

काल नळी घातली. आज खारीला घरी आणलं. मानेभोवती पट्टी, तिच्यातून बाहेर आलेली बोटभर नळी. एवढंसं तोंड झालं आहे. माझ्याकडे बघून ती मागे सरली, आणि मला ते फार लागलं.

तक्ता करून भिंतीवर लावला. दर चार तासांनी. आधी कोमट पाणी, मग पातळ केलेलं खाणं सिरिंजनं सावकाश, मग पुन्हा पाणी, नळी तुंबू नये म्हणून. सुरुवातीला अगदी थोडं, रोज जरा वाढवायचं. इतके दिवस रिकाम्या राहिलेल्या अंगावर एकदम अन्न ओतलं तर तेही जिवावर बेततं.

दुपारच्या वेळी मी भरवलं. घाई झाली. सगळं उलटून पडलं. नीलानं सिरिंज माझ्या हातातून काढून घेतली.

२२ जानेवारी, बुधवार

सकाळी खारीला मान उचलता येईना. हनुवटी छातीला टेकलेली, डोळे अर्धवट. मी ओरडलोच. रिक्षात नीला सारखी म्हणत होती, "जाऊ नको गं, जाऊ नको."

रक्तातलं पोटॅशियम घसरलं होतं. डॉक्टरांनी सलाईनमधून ते भरून काढलं. दिवसभर बाकावर बसून होतो. चंद्रप्रकाश भेटले. त्यांच्या कुत्र्याचे टाके काढायचे होते, दांडकं निघालं, कुत्रा शेपूट हलवत होता. त्यांनी विचारलं, "तुमच्या मांजराला काय झालं?" शेवटी म्हणालो, "मी उपाशी ठेवलं." त्यांनी चहा आणून दिला.

संध्याकाळी तिनं मान थोडी उचलली.

२६ जानेवारी, रविवार

आज जे कळलं ते लिहून ठेवतो. आपल्या हातानं लिहिल्याशिवाय माझा त्यावर विश्वास बसायचा नाही.

खारी दोन दिवस उलटीशिवाय आहे. जरा जिवात जीव आला तसा मनातला वकीलही जागा झाला. वाटलं, मांजराच्या बाबतीत चुकलो, कबूल. पण लंघन खोटं नाही. माळ्यावरून जुन्या डायऱ्या काढल्या आणि बसून टिपण केलं. सतरा नोंदी सापडल्या. नीला खारीला भरवत होती, तिला मोठ्यानं वाचून दाखवायला लागलो.

"१९९४, केयूर, जुलाब. तीन दिवस लंघन. पूर्ण बरा. १९९८, मधुवंती, उलट्या. अडीच दिवस. पूर्ण बरी, चेहऱ्यावर तेजसुद्धा."

नीला सिरिंज हळूहळू दाबत होती. वर न बघता म्हणाली, "केयूरला मी मऊ भात भरवत होते."

"कधी?"

"तेव्हाच. तुम्ही ऑफिसला गेलात की. आणि तुम्ही घरात असलात तर मोरीत."

मला नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. "मोरीत?"

"मधू तर नळ सोडून खायची. आवाज येऊ नये म्हणून."

मी पुढची नोंद वाचली. का वाचली कोण जाणे. ती म्हणाली, "तेव्हा साबुदाण्याची पेज." त्याच्या पुढची. "तेव्हा एडनाच्या सासूकडे पाठवायची, खेळायला म्हणून. त्या भरवायच्या." सतराच्या सतरा वाचल्या. प्रत्येक वेळी तिला आठवत होतं काय भरवलं ते. माझ्याकडे तारखा होत्या आणि तिच्याकडे पदार्थ.

शेवटची नोंद माझी स्वतःची. २००९, ताप, पाच दिवस फक्त सुंठेचं पाणी. "ते तरी?" मी विचारलं.

"तुमच्या सुंठेच्या पाण्यात पेज असायची. फडक्यातून गाळून."

"मला चव कशी नाही लागली?"

"सुंठ जास्त घालायची."

मी कप्पाळावर हात मारून घेतला. चौतीस वर्षं दुकानादुकानांतून फिरलो. पारड्याखाली चिकटवलेला चिंचोका मी लांबून ओळखायचो. खात्यात म्हणायचे, ह्याच्या नजरेतून गुंजभर सुटत नाही. आणि माझ्याच पेल्यात पेज, माझ्याच मोरीत भात, तेही वर्षानुवर्षं. अख्ख्या घराला ठाऊक, शेजाऱ्यांना ठाऊक, पोरांना ठाऊक. मधू फोनवर काय विचारत होती ते आत्ता कळलं. आई घरात असताना कोणी उपाशी राहिलेलं त्या पोरीनं कधी बघितलंच नव्हतं.

राग आला का? आला. पण तो कोणावर काढायचा ते सापडेना.

"मग खारीला का नाही दिलंस?" मी विचारलं, आणि आवाज चढला.

तिनं सिरिंज बाजूला ठेवली. "दिलं की. सगळं दिलं. एडनानं बोंबील उकडून दिले, मी आयुष्यात पहिल्यांदा हातात घेतले ते. चिकनचं पाणी दिलं. बोटाला लावून तोंडात घातलं. ती घेईचना. पोरांना डोळे वटारून गिळायला लावता येतं हो. मांजराला कसं सांगू, की पटकन खा, बाबा येतील म्हणून?"

"मग मला सांगायचंस. भांडायचंस माझ्याशी."

"भांडायला हवं होतं," ती म्हणाली. "चौथ्या दिवशीच कळलं होतं मला. रोज सकाळी ठरवायची, आज बोलायचं. तुम्ही काटा घेऊन बसायचात आणि माझ्या तोंडून आवाज निघायचा नाही. अडतीस वर्षांत बोलून काही करायची सवयच लागली नाही मला."

ती रडत होती. मी इतका हबकलो होतो की तिच्या पाठीवर हात ठेवायचंही सुचलं नाही. ते आत्ता, लिहिताना सुचतंय.

ह्या घरात लंघन एकाच जिवानं केलं, आणि तो मरायला टेकला.

२ फेब्रुवारी, रविवार

हिरड्यांचा पिवळेपणा ओसरला आहे. वजन पाच किलो शंभर, तिथे थांबलंय, उतरत नाही. डॉक्टर म्हणाल्या, आता धोका बराच कमी, पण नळी अजून राहील. तोंडानं खायला लागायला वेळ लागेल.

केयूरला फोन करून मोरीतल्या भाताचं विचारलं. तो खूप हसला. म्हणाला, "बाबा, आम्हाला वाटायचं तुम्हाला माहीत आहे आणि तुम्ही मुद्दाम कानाडोळा करता." मी म्हणालो, हो, तसंच होतं. खोटं बोललो.

नीलाशी तीन-चार दिवस नीट बोलणं नाही. भांडणही नाही. भरवायच्या वेळा आम्ही वाटून घेतल्या आहेत.

९ फेब्रुवारी, रविवार

आज खारीनं खाल्लं.

सकाळी एडना वाटीत उकडलेल्या चिकनचे बारीक तुकडे घेऊन आली. "बघूया तरी, नाय खाल्लं तर माझा नवरा खाईल," म्हणाली आणि वाटी स्वयंपाकघरात जमिनीवर ठेवली. खारी पट्टी बांधलेली मान लांब करून आली. हुंगलं. आम्ही तिघं श्वास रोखून उभे. तिनं एक तुकडा उचलला, खाली टाकला, परत उचलला आणि चावला. चावल्याचा आवाज आला. नीलानं माझ्या शर्टाची बाही घट्ट धरली.

एक तुकडा. दोन. पाच. मग ती मान खाली घालून भराभर खायला लागली. घशातून गुरगुर, मिशा ओल्या. एडनानं छातीवर क्रूस केला. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते मी पुसलंही नाही.

आणि तेवढ्यात माझा हात पुढे गेला. मी ठरवलं नव्हतं, शपथेवर सांगतो. अर्धी वाटी संपली होती आणि मी वाकून वाटी उचलायला गेलो. तोंडातून शब्दही निघाले, "आता बास. पचू दे."

नीलानं माझं मनगट धरलं.

"हात लावू नका त्या वाटीला," ती म्हणाली. मोठ्यानं. एडनासमोर. "तिला पोटभर खाऊ द्या."

अडतीस वर्षांत हा आवाज मी ऐकला नव्हता. तिचाही चेहरा पांढरा पडला होता, पण मनगट काही तिनं सोडलं नाही. मी तसाच वाकलेला राहिलो, आणि वाटी रिकामी झाल्यावर तिनं हात सोडला.